तीन भोंगे

धोंडिबा आणि शेवंता, नवराबायको दोघंही भोळसर. घड्याळ कळायचं नाही. म्हणून सोमवारी मी, त्यांच्या शेजारणीनं, त्यांना एवढंच शिकवलं: पिंपरीच्या कारखान्याचा भोंगा झाला की पोरीला पेज भरवायची. दिवसाचे तीन भोंगे, तीन वाट्या. शनिवारपर्यंत एक वाटी चुकली नाही.

रविवारी सकाळी धोंडिबाची बहीण ‘या दोघांना पोर सांभाळायला जमायचं नाही’ म्हणत पोरीला कायमची न्यायला आली. पेज निवलेली, पोर रडतेय, आणि शेवंता वाटी धरून भोंग्याची वाट बघतेय. रविवारी कारखाना बंद असतो, हे सांगायचं मीच विसरले होते.

तेवढ्यात भोंगा झाला. शेवंतानं हसत घास भरवला. समोरचे अर्जुनराव डबा उचलून कामावर पळत सुटले.

आम्ही बाहेर येऊन बघतो, तर धोंडिबा कौलांवर चढून, गाल फुगवून भोंगा करतोय.

"काकू," तो वरून म्हणाला, "सकाळचा झाला. दुपारचा कवा करायचा?"

मी बोलणार, तोच बहिणीनं काखेतलं पोरीच्या कपड्यांचं गाठोडं खाली ठेवलं.

"तू थांब वरच, दादा. ऊन डोक्यावर आलं की मी सांगते."