चित्र नको

"बटण. बटण. बटण," फोनवरची मुलगी म्हणाली. "एवढंच बोलतंय, दादा. चाळीसच्या चाळीस दाबून बघू का?"

तो स्क्रीनकडे बघत राहिला. तिथे चाळीस चित्रं नीट रांगेत उभी होती. प्रत्येक चित्रावर धड्याचं नाव, कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण. त्याने नवव्या चित्रावर क्लिक केलं. त्याच्या ताईचा आवाज ध्वनीच्या परावर्तनाबद्दल सांगू लागला.

"मला तर सगळं दिसतंय," तो म्हणाला.

"तुला दिसणारच," शेजारी बसलेली ताई म्हणाली. "तुझ्यासाठी केलंय का ते?"

ताईच्या वाचनालयात अंध मुलांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करत. त्यातल्या अकरा जणांची विज्ञानाची परीक्षा परवावर आली होती, आणि जुनी वेबसाइट नेमकी याच आठवड्यात बंद पडली होती. दोन दिवसांत नवी उभी करतो, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. नऊ वर्षं तो विंडोजवरच काम करत आला होता. या वेळी मात्र त्याने वेबसाइट चालवणारी एक ओपन सोर्स प्रणाली घेतली. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणालाही आत डोकावता येईल अशी. वाचनालयाच्या विंडोज संगणकावर ती पहिल्या झटक्यात बसलीही.

तिच्यात प्रत्येक चित्रामागे ऐकायचं नाव ठेवायची सोय होती. बोट फिरेल तसं मुलांचा मोबाईल ते नाव वाचून दाखवणार होता. चाळीसही नावं त्याने स्वतः टाइप केली होती. फाइलमध्ये ती होती. पानावर येत नव्हती, म्हणून मोबाईल नुसतं 'बटण' म्हणत होता.

त्याने प्रणाली काढून पुन्हा बसवली. मग संगणक बंद करून चालू केला, कारण नऊ वर्षांत निम्मे प्रश्न तसेच सुटले होते. पुन्हा तेच. बटण, बटण, बटण.

"कंपनीला फोन लाव ना," ताई म्हणाली.

"कंपनी नाहीये."

"मग मालकाला लाव."

"मालकही नाहीये."

"म्हणजे बिनमालकाच्या घरात माझी मुलं नेऊन बसवलीस?"

त्याने प्रणालीच्या मदतीच्या पानावर लिहिलं, 'विंडोजवर चित्रांची नावं येत नाहीत. इथे कुणी वाली आहे का?' सोबत स्क्रीनशॉट जोडला. त्यावर लाल गोल काढला.

वीस मिनिटांत उत्तर आलं. लिहिणाऱ्याने आपलं नाव 'घुबड' असं ठेवलं होतं. 'चित्र नको. मजकूर पाठवा.'

चित्र उघडलं नसेल, असं त्याला वाटलं. त्याने आणखी मोठा स्क्रीनशॉट पाठवला. या वेळी गोलाजवळ बाणही काढला.

'चित्र नको. पानाचा मजकूर आणि चुकांची नोंद, दोन्ही इथे चिकटवा.'

"याला चित्रांचं काय वावडं आहे?" तो पुटपुटला.

"फुकट काम करणाऱ्याचे नखरे," ताई म्हणाली. "त्यापेक्षा जावयाचे परवडले."

चार वाजता मुलीचा पुन्हा फोन आला. "दादा, होत नसेल तर सांगा. ताई फोनवर वाचून दाखवतील. पण अकरा जण आहोत, त्यांचा घसा बसेल."

त्याने फोन ठेवला आणि मागितलेलं सगळं चिकटवलं. शेवटी रागाच्या भरात एक ओळ लिहिली. 'तुम्हाला डोळे आहेत ना? चित्रात सगळं स्वच्छ दिसतंय. परवा माझ्या अकरा मुलांची परीक्षा आहे.' पाठवल्यावर त्याला थोडं वाईट वाटलं. थोडंच.

उत्तर दहा मिनिटांत आलं. लांबलचक होतं.

'चूक दोनशे बाराव्या ओळीत आहे आणि ती आमची आहे. फाइलचा पत्ता आम्ही सरळ तिरक्या रेघेवर (/) तोडतो. विंडोज उलटी तिरकी रेघ (\) देतं. म्हणून पत्ता तुटत नाही आणि नाव सापडत नाही. आमच्यात कुणीच विंडोज वापरत नाही, त्यामुळे हे कधी कळलं नव्हतं. दुरुस्त केलेली ओळ देतोय.'

ओळ खाली दिलेलीच होती. दुसऱ्याने लिहिलेली प्रणाली त्याने नऊ वर्षांत एकदाही आतून उघडली नव्हती. आता उघडली. दोनशे बारावी ओळ काढून नवी घातली. मुलीला फोन लावला.

तिकडे तिचं बोट फिरू लागलं, आणि तिचा मोबाईल भराभरा बोलू लागला. "धडा पहिला, गती. धडा दुसरा, बल." बोट नवव्या धड्यापाशी थांबलं. ताईचा आवाज त्या फोनमधून ताईच्याच खोलीत परत आला.

"ठेवते, दादा," मुलगी म्हणाली. "अभ्यास आहे."

"त्या घुबडाला माझा नमस्कार लिही," ताई म्हणाली.

तो लिहायला बसला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दुरुस्त ओळीच्या खाली अजून काही होतं. घाईत त्याने तिथवर वाचलंच नव्हतं.

'तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं राहिली. इथे वाली कोण, ते मलाही माहीत नाही. आणि डोळे नाहीत. तुम्ही चिकटवलेलं पान माझ्या संगणकाने मला वाचून दाखवलं. बटण, बटण, बटण.'