दुपारचा प्रचार

प्रचाराला सगळे ऊन उतरल्यावर येतात. ही उमेदवार बाई मात्र भर दुपारी आमच्या पत्र्याखाली येऊन बसली. घामोळ्यांनी किरकिरणाऱ्या माझ्या बाळाला सासूबाई दुसऱ्याच उमेदवाराच्या पत्रकाने वारा घालत होत्या.

“संध्याकाळी यायचं की गं, बाई!”

“संध्याकाळी तुमचा पत्रा कुठं कळणार, मावशी?” पदराने कपाळ टिपत ती म्हणाली. “ऊन दरवर्षी वाढतंय, पोरं झोपणार कशी? निवडून आले, तर वस्तीतल्या सगळ्या पत्र्यांना गारव्याचा पांढरा रंग, अंगणवाडीच्या वाटेवर झाडं.”

“मत आमचं ठरलेलं असतं हं.”

ती हसून पुढच्या दारी गेली.

वारा घालणारा हात थांबला. बाळाची लाल पाठ बघत सासूबाईंनी हळूच विचारलं, “तिची निशाणी काय गं?”