नावापुढची खूण

वाचायला दिलेला शोधनिबंध खाडीतल्या खेकड्यांवरचा होता. "आधी सारांश वाचा, मग आकृत्या बघा," पेडणेकर बाई पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होत्या. "कळलं नाही ते बेधडक विचारा."

"मॅडम, लेखकांमध्ये तुमच्या नावाशेजारी जे नाव आहे, त्यापुढे ही फुलीसारखी खूण कसली?" तस्लीमने विचारलं.

"हे लेखक हयात नाहीत, अशी ती खूण. माझे यजमान. या कामातच खाडीत बुडाले."

खाडीकाठच्या तस्लीमने निबंधात पुन्हा पाहिलं. "शेवटची मोजणी भरतीच्या वेळची, ती अपुरी राहिली, असं लिहिलंय," ती हळूच म्हणाली. "खेकडे तर ओहोटीला दिसतात. मग सर भरतीच्या वेळी का उतरले?"

बाई खुर्चीत बसल्या.

"निघताना मीही त्यांना हेच विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "आल्यावर सांगतो म्हणाले."