रोजचं शूटिंग

भांड्यांचा साबण काढणाऱ्या एका नव्या कंपनीने तिला ॲम्बेसेडर केलं. आठवड्याला एक छोटा व्हिडिओ टाकायचा, बदल्यात साबण फुकट. नवऱ्याला भांडी घासायला लावलेला व्हिडिओ धो धो चालला. कंपनीचा खप वाढला आणि हिरोची ड्युटी रोजची झाली. पुढे कंपनीने योजनाच गुंडाळली. तिने ते पोटात ठेवलं, मोबाइल स्टँडवर लावला आणि सिंकपाशी खुर्ची ओढून बसली.

"हं, हस जरा. ते पातेलं परत घे."

"योजना बंद झालीय, माहितीये मला," तो पातेलं घासत म्हणाला.

"अरे लबाडा! मग घासतोयस कशाला?"

"एरवी तू माझ्याशी इतका वेळ बोलतेस कुठे?"

साबण आता विकत आणावा लागतो. तो आणतो, एकदम सहा वड्या.