पनवती

इथल्या, नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प गावच्या बेसबॉल टीमचं वेड उल्काला, म्हणजे माझ्या बायकोला, मीच लावलं. सीझनच्या सुरुवातीला मी स्टँडमध्ये असताना टीम लागोपाठ तीन मॅच हरली आणि उल्कानं मला पनवती ठरवलं. तेव्हापासून दर रविवारी मी बाहेर पार्किंगमध्ये, गाडीत. माझ्या खुर्चीवर शेजारचा योरिस. त्याच्याखालची उशीसुद्धा माझीच.

फायनल जिंकल्यावर उल्का धावत गाडीपाशी आली.

"बघ, तू बाहेर थांबलास म्हणून जिंकलो."

"आज मी आतच होतो," मी म्हणालो. "तुमच्या मागे, चार रांगा सोडून. पहिल्यापासून."

तिचं हसू मावळलं. मग टीम जिंकली कशी, हे काही तिनं विचारलं नाही.

"काय काय पाहिलंस?" एवढंच विचारलं.