घाटापर्यंत

रविवारच्या शांत स्वयंपाकघरात किल्ली खणकन ओट्यावर पडली. मटार सोलता सोलता मी दचकले.

“घाटापर्यंत जाऊन ये तुझ्या बुलेटवर,” नवरा म्हणाला. “गंजायला लागलीय ती. आणि तूसुद्धा!”

लेक झाल्यापासून मी हँडल धरलं नव्हतं. आता आपण नुसती आई, रायडर कसली, असंच वाटायचं. तरी दोघींची हेल्मेटं चढवली, लेकीला पट्ट्याने माझ्या कमरेशी बांधलं आणि निघाले. पहिल्याच वळणावर घाम फुटला.

तेवढ्यात समोरून बुलेटवाल्यांचा घोळका आला. अनोळखीच सगळे, पण वाटेत रायडर भेटला की करतात तसा प्रत्येकाने जाता जाता मला हात केला. माझाही हात नकळत वर गेला.

मागून लेकीने ओरडून विचारलं, “आई, हे सगळे तुला ओळखतात?”