जागा नाही

"ठेवून घ्या याला. पेन्शनीत माझंच भागत नाही, याच्या पोटाला काय घालू?" आजोबांनी साखळी पुढे केली, पण कुत्र्याकडे बघणं टाळलं. कुत्रा त्यांच्याच पायावर अंग टाकून बसला होता.

भटक्या प्राण्यांचा आसरा चालवणाऱ्या ताईंनी हात मागे घेतले. "सगळे पिंजरे भरलेत हो आजोबा. जागा झाली की कळवते. तोवर खाणं आमचं, सांभाळ तुमचा."

"मागच्या महिन्यातही हेच म्हणालात."

"पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा."

ताईंनी कुत्र्याच्या खाण्याची पिशवी त्यांच्या हातात दिली.

"एवढी मोठी संस्था, आणि एका कुत्र्याला जागा नाही," असं पुटपुटत आजोबा त्याला घेऊन घराकडे वळले.

झाडलोट करणाऱ्या मावशींना राहवलं नाही. "ताई, चार पिंजरे रिकामे आहेत. म्हाताऱ्या माणसाला हेलपाटे कशाला घालायला लावता?"

"मी त्यांच्या घरी जाऊन आलेय, मावशी. दिवसभरात ते बोलतात ते फक्त या कुत्र्याशी." ताईंनी फाटकाची कडी लावली. "आजोबा विचारायला येतील तेव्हा आपले पिंजरे भरलेलेच असतील. तुम्हीही तेच सांगायचं."